लंबक घेऊन समुद्राखाली गेलेला माणूस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं कमिटीने सांगितलं तेव्हा आधी वाटलं, सोसायटीच्या जुन्या आठवणी लिहाव्यात. पण त्या लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवण्यात उमर घालवली. म्हणून एका शास्त्रज्ञाचं चरित्रच सांगतो. नाव आहे फेलिक्स आन्द्रिस व्हेनिंग माइनेस. (व्हेनिंग माइनेस हे दोन्ही शब्द मिळून आडनाव.) भूशास्त्राच्या जगात हे नाव फार मोठं आहे, आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी घेत नाही.

ते मला आठवले एका घड्याळामुळे. आमच्याकडे वडिलांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. लालबागच्या चाळीतून आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते मी मांडीवर ठेवून टॅक्सीतून आणलं होतं. काही वर्षांपूर्वी मागच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं पायलिंग सुरू झालं आणि हे घड्याळ रुसलं. सकाळी चावी द्यावी, दुपारी बघावं तर बंद. घड्याळजीने तपासून सांगितलं, मशीनमध्ये काही दोष नाही, भिंत हलतेय. नातवाने विचारलं, आजोबा, भिंत तर हललेली दिसत नाही, मग घड्याळाला कसं कळतं? या प्रश्नाचं उत्तर देता देता मी हॉलंडपर्यंत गेलो. कारण हाच त्रास सुमारे शंभर वर्षांपूर्वी या व्हेनिंग माइनेस यांना झाला होता, आणि त्यातून त्यांनी जे काढलं, त्याने समुद्राच्या तळाचं गुपित उघडलं.

त्यांचा जन्म ३० जुलै १८८७ रोजी हॉलंडमधल्या हेग शहरी झाला. घराणं वजनदार होतं. वडील आधी रॉटरडॅमचे आणि पुढे ॲमस्टरडॅमचे महापौर झाले. म्हणजे मुलगा वाढला तो बंदरांच्या आणि कालव्यांच्या गावांत. हॉलंड म्हणजे आपल्या वडाळ्यासारखीच जमीन. आपल्याकडे मिठागरं, खाजण आणि भराव. तिकडे समुद्र मागे हटवून, बांध घालून मिळवलेली शेतं. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्याही खाली. अशा देशात इंजिनियरला मान असतो. फेलिक्सनेही डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातून १९१० साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आता पूल बांधेल, धक्के बांधेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी तो लागला देशाच्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीच्या सरकारी कामाला.

आता गुरुत्वाकर्षण मोजायचं म्हणजे काय? शाळेत आपण शिकतो की ते ९.८ आहे, आणि विषय संपतो. पण खरं तर ते जागोजाग थोडं थोडं बदलतं. विषुववृत्तावर कमी, ध्रुवाकडे जास्त. पायाखाली जड दगड असेल तर किंचित जास्त, हलका असेल तर किंचित कमी. हा फरक पकडायचं जुनं साधन म्हणजे लंबक. लंबकाचं घड्याळही हॉलंडच्याच ख्रिश्चन हायगेन्स यांनी १६५६ साली बनवलं. पुढे १६७२ साली एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ गेला, तर ते रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ ठीक होतं. तिथलं गुरुत्व कमी होतं, म्हणून लंबक सावकाश हलत होता.

शास्त्रज्ञांचं यातलं माप आहे मिलिगॅल. एक मिलिगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाचा साधारण दहा लाखावा भाग. इतक्या फरकाने लंबकाचं घड्याळ दिवसाला सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकं चुकतं. एवढंसं पकडायचं तर लंबक लटकवलेला आधार दगडासारखा स्थिर पाहिजे. आणि हॉलंडमध्ये नेमका दगडच नाही! चिखल, वाळू, कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती. दूरवर समुद्राच्या लाटा फुटल्या तरी ती जमीन थरथरते. माणसाला ते कळत नाही, लंबकाला कळतं. इतर देशांचे लोक आपापल्या खडकावर बसून सुरेख आकडे काढत होते आणि फेलिक्सचे लंबक आमच्या घड्याळासारखे रुसत होते.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपल्या देशात हे जमणार नाही. फेलिक्सने त्रासाचाच अभ्यास केला. लंबकाच्या निरीक्षणात कोणकोणत्या चुका शिरतात यावर त्यांनी १९१५ साली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. आणि त्यातून एक युक्ती हाती आली.

ही युक्ती मी नातवाला फाइव्ह गार्डनमध्ये समजावली. समजा, एकाच लोखंडी चौकटीला दोन सारखे झोपाळे आहेत. एक मुलगा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. आता कुणी ती चौकटच गदागदा हलवली, तर दोघांनाही सारखाच धक्का बसेल. प्रत्येकाचा झोका बिघडेल, पण दोघांमधलं अंतर ज्या लयीत कमीजास्त होतं, ती लय बिघडणार नाही. कारण सारखा धक्का वजाबाकीत जातो. व्हेनिंग माइनेस यांनी एकाच चौकटीत दोन लंबक उलटसुलट झुलवले, आणि दोघांच्या हालचालींतला फरक आरसे आणि प्रकाशकिरण वापरून फोटोच्या कागदावर सरळ उतरवून घेतला. जमीन थरथरली तर थरथरू दे. या पद्धतीने १९१३ ते १९२१ या काळात त्यांनी हॉलंडभर पन्नासएक ठिकाणी मोजणी पूर्ण केली.

इथे थोडं थांबून आपल्या देशाकडे वळतो, कारण या सगळ्या शास्त्राचा एक धागा भारतातूनच निघाला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी देशाची मोजणी केली तेव्हा मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवर मोजून एक आलं आणि ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं आलं. फरक पाच विकलांच्या थोडा वर. कलकत्त्याचे धर्मोपदेशक प्रॅट यांनी गणित केलं की हिमालयाचं वजन ओळंब्याला आपल्याकडे खेचत असणार. पण त्यांच्या गणिताप्रमाणे फरक तर जवळजवळ तिप्पट यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता. लगोलग एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५५ साली उलगडा सुचवला. डोंगराच्या खाली हलक्या दगडाची खोल मुळं असली पाहिजेत. पाण्यावर लाकडी ओंडका तरंगावा तसा डोंगर खालच्या जड थरावर तरंगतोय. याला समस्थिती म्हणतात. उंच भाग खोल रुतलेला, सखल भाग कमी रुतलेला, आणि एकूण तोल सांभाळलेला.

जमिनीवर हे बऱ्यापैकी पटलं. पण पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग समुद्राखाली. तिथे तोल आहे का? कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण डोलणाऱ्या जहाजावर लंबक चालत नाही. वायुभारमापकाच्या आधाराने जहाजावर काही प्रयत्न झाले होते, पण ते आकडे फार ढोबळ होते.

मऊ जमिनीवर युक्ती साधली होती. मग समुद्रावर का नाही? व्हेनिंग माइनेस यांनी जहाजावर करून बघितलं. पण लाटांवर जहाज फारच हलतं, तिथे वजाबाकीचीही मात्रा चालेना. तेव्हा हॉलंडच्या सरकारी खाणींचे संचालक फान इटरसन यांनी सुचवलं, पाणबुडीतून का जात नाही? लाटांचा धुमाकूळ वरच्या वर असतो, थोडं खाली गेलं की पाणी निवांत. आपण जुहूला लाट अंगावर येताना डुबकी मारतो ना, तसंच. डच नौदलाच्या पाणबुड्या तेव्हा इंडोनेशियाकडे, म्हणजे त्यांच्या त्या वेळच्या वसाहतीकडे, जातच होत्या. नौदलाने होकार दिला.

१९२३ साली के-२ नावाच्या पाणबुडीतून ते सुएझमार्गे जावाला निघाले. लांबून हे फार साहसी आणि मजेचं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? पाणबुडी म्हणजे इंजिन, बॅटऱ्या आणि टॉर्पेडो यांच्या मधल्या जागेत माणसं कोंबलेली. डिझेलचा वास, घामट हवा, विषुववृत्ताचा उकाडा. त्यात हा गडी जवळपास दोन मीटर उंच! सरळ उभं राहायची सोय नाही, पाय पसरून झोपायची सोय नाही. मोजणीच्या वेळी पाणबुडी खाली न्यायची, सगळ्यांनी आपापल्या जागी शांत बसायचं, कारण एक माणूस पुढून मागे गेला तरी बोट कलते. मग लंबक सोडायचे आणि काळोखात फोटोचा कागद फिरवायचा. मोठं यंत्र, पितळी चकाकी आणि त्याची ठेवायची बडदास्त बघून खलाशांनी त्याचं नाव ठेवलं सोन्याचं वासरू.

पहिल्या सफरीत सगळं काही सुरळीत झालं नाही. खवळलेल्या समुद्रात पाणबुडी बाजूला इतकी कलायची की नोंदी वाया जायच्या. त्यांनी यंत्र दुरुस्त केलं. ते झुलत्या चौकटीत टांगलं, म्हणजे बोट कलली तरी यंत्र सरळ. यंत्रात तीन लंबक ठेवले. घड्याळाची वेळ रेडिओच्या संकेतांवरून पडताळली. शिवाय आणखी एक भानगड असते. बोट पूर्वेकडे चालली असेल तर पृथ्वीच्या फिरण्यात तिचा वेग मिळतो आणि गुरुत्व कमी भासतं. विषुववृत्तावर ताशी एका सागरी मैलाच्या वेगाला सुमारे साडेसात मिलिगॅलचा फरक पडतो. म्हणजे बोटीचा वेग आणि दिशाही अचूक माहीत पाहिजे. हे सगळं हिशेबात धरत, चुका काढत त्यांनी पद्धत पक्की केली.

१९२६ साली के-१३ या पाणबुडीतून ते उलट्या बाजूने, पनामा कालव्यातून पॅसिफिक ओलांडून जावाला गेले. आणि १९२९-३० साली इंडोनेशियाच्या समुद्रात बेटांच्या आसपास पुन्हा पुन्हा आडवे-उभे फेरे मारले. इथे त्यांना जे सापडलं, त्यासाठी त्यांचं नाव राहिलं.

जावा आणि सुमात्रा बेटांच्या बाहेरच्या अंगाला समुद्रात एक लांबलचक खोल चर आहे. त्याला सागरी गर्ता म्हणतात. जावाजवळ ती सात किलोमीटरहून खोल आहे. समस्थितीचा नियम खरा, तर तिथेही तोल असायला हवा होता. पण आकडे भलतेच आले. गर्तेला समांतर असा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा आणि हजारो किलोमीटर लांबीचा एक पट्टा सापडला, जिथे गुरुत्व हिशेबापेक्षा शंभर, दीडशे, काही ठिकाणी दोनशे मिलिगॅलपर्यंत कमी! सुमात्राच्या बाहेरच्या बेटांवरून, जावाच्या दक्षिणेकडून, तिमोरपाशी वळसा घेत तो पुढे जातो.

दोनशे मिलिगॅल म्हणजे किती ते घरगुती भाषेत सांगतो. साठ किलोच्या माणसाचं वजन तिथे बारा ग्रॅमने कमी भरेल. आमचं चाळीतलं घड्याळ तिथे दिवसाला जवळजवळ नऊ सेकंद मागे पडेल. आपल्याला हे किरकोळ वाटेल, पण पृथ्वीच्या दृष्टीने ही प्रचंड तूट आहे. एवढं वस्तुमान तिथे कमी आहे, तर तो भाग ओंडक्यासारखा वर उसळायला हवा. तो उसळत नाही. म्हणजे काहीतरी त्याला खाली दाबून किंवा ओढून धरतंय.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. सगळ्यात जास्त तूट गर्तेच्या सगळ्यात खोल जागेवर नव्हती, बेटांच्या बाजूला सरकलेली होती. म्हणजे तूट फक्त खोल पाण्यामुळे नव्हती. कारण खाली कवचाच्या आत होतं. आणि याच पट्ट्याला समांतर ज्वालामुखींची रांग आणि भूकंपांची रांग. इतक्या गोष्टी एका रांगेत योगायोगाने येत नाहीत.

त्यांनी अर्थ लावला तो असा. दोन्ही बाजूंनी दाब आल्यामुळे पृथ्वीचं कवच तिथे चटईसारखं दुमडून खाली प्रावरणात घुसलंय; हलका दगड खोल गेल्यामुळे गुरुत्व कमी भरतंय. क्यूनेन या डच भूशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत मऊ थर दाबून अशी घडी पडते हे दाखवलंही. आणि दाब कुठून येतो? त्यांचं उत्तर होतं, प्रावरणातल्या अतिसंथ प्रवाहांमुळे. गॅसवर आमटी उकळताना मधून वर येते, कडेने खाली जाते, तसा घट्ट दगडही लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो. त्या काळी हे म्हणायला धीर लागत होता.

त्यांची कीर्ती अमेरिकेत पोचली. १९२८ साली अमेरिकन नौदलाच्या पाणबुडीतून त्यांनी कॅरिबियन समुद्रात मोजणी केली. १९३२ च्या तिथल्या सफरीत हॅरी हेस नावाचा एक तरुण भूशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

सगळ्यात गाजलेली सफर १९३४-३५ ची, के-१८ पाणबुडीची. हॉलंडहून निघून अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिका, तिथून केपटाउन, मॉरिशस, ऑस्ट्रेलियाचं फ्रीमँटल आणि शेवटी जावाचं सुराबाया. वीस हजार सागरी मैलांहून जास्त प्रवास, आठ महिने. वर्तमानपत्रांनी ही सफर उचलून धरली, तिच्यावर चित्रपट निघाला, बंदराबंदरात गर्दी लोटली. उंचापुरा प्राध्यापक घराघरात माहीत झाला. १९२७ पासून ते उट्रेख्ट विद्यापीठात शिकवत होते. पुढे डेल्फ्टलाही शिकवू लागले.

आता मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग सांगतो. १९३७ साली केंब्रिजच्या ब्राउन नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की पाणबुडी डोलते त्यामुळे हिशेबात आणखी काही बारीक चुका शिरतात आणि त्या व्हेनिंग माइनेस यांनी धरलेल्या नाहीत. विचार करा. माणूस पन्नाशीला आलेला. जगभर नाव झालेलं. त्यांच्या आकड्यांवर दुसऱ्यांचे सिद्धांत उभे राहिलेले. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, चूक क्षुल्लक आहे म्हणून झटकून टाकायचं. दुसरा, वही पुन्हा उघडायची. त्यांनी वही उघडली. नवी चूक मोजण्यासाठी पाणबुडीवर वेगळी उपकरणं बसवली, आधीच्या सफरींतले आकडे पुन्हा तपासले आणि दुरुस्त करून प्रसिद्ध केले. मोठा पट्टा तसाच राहिला, पण आकडे खरे झाले. सोसायटीचे हिशेब ऑडिटला गेल्यावर खजिनदाराचा चेहरा कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय! दुसऱ्याने काढलेली चूक अशी मोकळ्या मनाने मान्य करणं फार अवघड असतं.

मग युद्ध आलं. १९४० साली जर्मनीने हॉलंड घेतलं. या काळात ते देशातल्या भूमिगत प्रतिकार चळवळीत होते. तिकडे जपान इंडोनेशियात उतरला, तेव्हा ज्या पाणबुड्यांत वाकून बसून त्यांनी इतके महिने काढले त्या के-१३ आणि के-१८, दोन्ही आधीच जबर नुकसान झालेल्या, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून मार्च १९४२ मध्ये सुराबायाला डचांनी स्वतःच निकामी केल्या. बोटी गेल्या. राहिल्या त्या फोटोच्या कागदावरच्या नागमोडी रेषा आणि आकड्यांचे तक्ते.

युद्ध संपल्यावर १९४५ ते १९५१ ते हॉलंडच्या हवामान खात्याचे संचालक होते. जगातल्या भूगणित आणि भूभौतिकी शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. मानाची पदकं मिळाली. १९६२ साली भूशास्त्रातला मोठा समजला जाणारा व्हेटलेसन पुरस्कार त्यांना आणि इंग्लंडच्या सर हॅरोल्ड जेफ्रीज यांना विभागून मिळाला.

आणि त्याच १९६२ साली त्यांच्या जुन्या सहप्रवाशाने, हॅरी हेसने, एक निबंध प्रसिद्ध केला. समुद्राच्या तळावरच्या पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो, तो दोन्ही बाजूंना सरकतो आणि गर्तांपाशी पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो, अशी ती कल्पना. पुढच्या पाचसहा वर्षांत त्यातून भूपट्टांचा सिद्धांत तयार झाला, जो आज आपली मुलं नववी-दहावीला शिकतात. भूकवच एकसंध नसून त्याचे मोठमोठे पट्ट आहेत आणि ते वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. नखं वाढतात साधारण त्या वेगाने. जावाच्या गर्तेत कवच चटईसारखं दुमडत नाही, तर समुद्राखालचा पट्ट तिरका होऊन बेटांच्या खाली सरकतो. तोच ती गर्ता खाली धरून ठेवतो. इतकी वर्षं कोड्यात टाकणारी तूट ती हीच.

म्हणजे व्हेनिंग माइनेस बरोबर होते की चूक? दोन्ही. घडीची कल्पना जशीच्या तशी टिकली नाही. खंड सरकतात या वेगेनरच्या मताकडेही ते बराच काळ सावधपणेच पाहत होते. पण गर्तेखाली कवच आत जातंय, ते कुणीतरी जोर लावून तिथे धरलंय आणि त्यामागे प्रावरणातले प्रवाह आहेत, हे त्यांनी लंबकाच्या जोरावर तीस वर्षं आधी सांगितलं होतं. अर्थ बदलला, आकडे नाही बदलले. १० ऑगस्ट १९६६ रोजी आमर्सफोर्ट गावी त्यांचं निधन झालं, तेव्हा वय ७९ होतं. भूपट्टांचा सिद्धांत पूर्णपणे मांडला गेला तो त्यानंतर एकदोन वर्षांतच. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला एका विवराला त्यांचं नाव आहे, आणि युरोपातल्या भूशास्त्रज्ञांची संघटना त्यांच्या नावाने पदक देते.

कुणी म्हणेल, याचा वडाळ्याशी संबंध काय? सांगतो.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तो भूकंप झाला सुमात्रापासून अंदमानपर्यंत, त्याच गर्तेच्या उत्तरेकडच्या भागात. खाली अडकून राहिलेला पट्ट सुटला, समुद्राचा तळ उसळला आणि सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली. त्यात आपल्या तामिळनाडूची आणि अंदमान-निकोबारची कितीतरी होती. आपल्या बाजूचा समुद्रही अगदी निर्धास्त नाही. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळही एक पट्ट दुसऱ्याखाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे मोठा भूकंप झाला तेव्हा त्याच्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आल्या आणि इथेही माणसं दगावली. ज्येष्ठ सभासदांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवत असेल, कोयनेच्या भूकंपाची. मुंबईतसुद्धा भांडी वाजली होती. तो मात्र गर्तेतला नव्हता. त्याचा संबंध कोयना धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो.

आणखी दोन गोष्टी. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात असा एक विस्तीर्ण भाग आहे, जिथे गुरुत्व कमी असल्यामुळे समुद्राची पातळीच सुमारे १०६ मीटर दबलेली आहे. जहाजातून जाताना काहीच कळत नाही, कारण उतार शेकडो मैलांवर पसरलेला. जगातला हा सगळ्यात मोठा गुरुत्व-खळगा ओळखण्याचं श्रेय व्हेनिंग माइनेस यांच्या मोजणीला देतात, आणि तो का आहे याचा शोध बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधकही घेत आहेत. दुसरी गोष्ट आपल्या गावची. मुंबईच्या परिसरात उलटा प्रकार आहे, इथे गुरुत्व हिशेबापेक्षा जास्त भरतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाच्या वेळी वर आलेला जड दगड खाली खोलवर थिजून बसलाय, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे वर भरावाची मऊ माती आणि तिच्याखाली, पार खोल, हा भारदस्त शेजारी. पंचवीस वर्षं आपण त्याच्या डोक्यावर राहतोय आणि मेन्टेनन्सचं एकही बिल त्याला गेलेलं नाही.

आता उपग्रह हे काम करतात. समुद्राची पातळी कुठे किती दबली आहे हे अवकाशातून मोजून तळावरच्या गर्तांचे नकाशे निघतात. पाणबुडीत पाठ वाकवून बसायची गरज उरली नाही. पण त्या नकाशावर जावाजवळचा तो पट्टा आजही तिथेच दिसतो, जिथे त्या माणसाने तो लंबकाने शोधला होता.

मागच्या टॉवरचं पायलिंग संपलं तेव्हा आमचं घड्याळ पुन्हा सुरू झालं. आता ते नीट चालतं. पण आषाढीला विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या दिंड्यांचे ढोल वाजू लागले की मी आणि नातू हमखास लंबकाकडे बघतो. अजून तरी थांबला नाही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख माझा नातू देईल, असं त्याने कबूल केलं आहे.

— एक ज्येष्ठ सभासद